‘तोक्यो मोनोगातारी’ आणि तिचे टीकाकार

ज्या चित्रपटांत शोक आहे पण आक्रोश जवळजवळ नाहीं, त्याची परीक्षा टीकाकारांनीं कशी करावी? जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा ‘तोक्यो मोनोगातारी’ १९५३ सालीं पडद्यावर आला, तेव्हांपासून हा वाद चालू आहे.

कथानक चार ओळींचें. ओनोमिची गांवचें वृद्ध जोडपें मुलांस भेटण्यास तोक्योस जातें. मुलगा डॉक्टर, मुलगी केशभूषेचें दुकान चालविणारी. दोघांनाहि सवड नाहीं. म्हाताऱ्यांची रवानगी आतामीच्या उष्ण झऱ्यांवर होते. आस्थेनें विचारपूस करते ती युद्धांत गेलेल्या मुलाची विधवा नोरिको. घरीं परतल्यावर आई दगावते, आणि अंत्यविधीनंतरच्या भोजनाच्या वेळींच मुलगी आईचीं वस्त्रें आठवण म्हणून मागते.

‘किनेमा जुम्पो’ या जपानी नियतकालिकानें त्या वर्षीं यास दुसरें स्थान दिलें. परदेशीं मात्र हा ‘फार जपानी’ समजला गेला. न्यूयॉर्कमध्यें तो १९७२ सालीं लागला. पुढें २०१२ सालच्या ‘साइट अँड साउंड’च्या कौलांत दिग्दर्शकांनीं त्यास पहिलें आणि टीकाकारांनीं तिसरें स्थान दिलें.

पॉल श्रेडर यांनीं १९७२ च्या आपल्या ग्रंथांत ओझूंच्या निश्चल शैलीचा संबंध झेन कलेशीं जोडला. डेव्हिड बोर्डवेल यांनीं १९८८ सालीं त्यास हरकत घेतली. त्यांच्या मतें हे ओझूंनीं स्वतः घडविलेले नियम होत. मला दुसरें मत ग्राह्य वाटतें. सहलेखक कोगो नोदा यांच्या डोळ्यांपुढें ‘मेक वे फॉर टुमॉरो’ हा १९३७ चा अमेरिकन चित्रपट होता. त्यांतहि म्हातारे आईबाप मुलांना जड होतात. मग एकट्या झेनवर भागेल कसें?

कित्येकजण त्या मुलीला दुष्ट ठरवून मोकळे होतात. धाकटी कन्या क्योको शिक्षिका आहे, तीहि चिडते. (शिक्षकांस निवाडा लवकर सुचतो, हें मी जाणतों!) नोरिको तिला समजावते कीं, मुलें मोठीं झालीं म्हणजे त्यांचा संसार निराळा होतो. पण नोरिकोस ‘आदर्श सून’ म्हणून गौरविणाऱ्यांनीं पुढील प्रसंग पुन्हां पाहावा. सासऱ्यापुढें ती कबूल करते कीं, पतीची आठवण कित्येक दिवस येतच नाहीं, आणि हें एकटें जिणें असेंच जाणार काय याचें भय वाटतें. शोक ओसरतो याचीच तिला लाज! सासरा तिला दोष देत नाहीं. पुन्हां लग्न कर म्हणतो, आणि पत्नीचें घड्याळ तिच्या हातीं ठेवतो.

तें घड्याळ घेऊन नोरिको आगगाडीनें तोक्योस निघते. मागें ओनोमिचीच्या घरांत म्हातारा एकटाच पंख्यानें वारा घेत बसलेला असतो.