मागे सरकू नका, पुढे या!

वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणात कॅमेरा घेऊन उभं राहिलं की पहिला प्रश्न पडतो, हे सगळं चौकटीत बसवायचं कसं? माणूस एक पाऊल मागे सरकतो, आणखी दोन पावलं सरकतो आणि पाठीला कातळ लागतो. डोंगर वरून खाली खोदत नेऊन कोरलेलं देऊळ आहे ते, चहूबाजूंनी खडकाच्या भिंती. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची किट लेन्स इथे हात टेकते. वाइड झूम घ्यायची इच्छा अनेकांना पहिल्यांदा होते ती अशाच एखाद्या जागी. मग १०-१८, १०-२०, ११-१६, ८-१६ असे आकडे समोर येतात आणि डोकं गरगरायला लागतं. त्या आकड्यांमागच्या गोष्टी मात्र मोठ्या मजेदार आहेत.

१८ दिसते, २७ भरते

लेन्सवर छापलेला आकडा आणि तुमच्या कॅमेऱ्याला प्रत्यक्ष दिसणारं दृश्य यांच्यामध्ये सेन्सरचा आकार येतो. बहुतेक हौशी डीएसएलआरमध्ये क्रॉप सेन्सर असतो, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. निकॉनमध्ये लेन्सच्या आकड्याला १.५ने गुणायचं, कॅननमध्ये १.६ने. म्हणून १८ मिमीची किट लेन्स निकॉनवर फुल फ्रेमच्या २७ मिमीइतकं दाखवते आणि कॅननवर जेमतेम २९ मिमीइतकं. दहाची लेन्स लावली की हाच हिशोब १५ आणि १६वर येतो. खरी वाइड दुनिया तिथे सुरू होते.

दोन मिलिमीटरचं मोल

३०० मिमीच्या टेलीला ३०२ करून दाखवलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. वाइडकडे मात्र एकेक मिलिमीटर सोन्याच्या भावाचा. निकॉनच्या क्रॉप सेन्सरवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तर १८ मिमीला सुमारे ७६ अंश दिसतात, १२ला ९९, १०ला १०९ आणि ८ला तब्बल १२१. म्हणजे १२वरून १०वर आलं की दहा अंश पदरात पडतात. कैलासच्या अंगणात दहा अंश म्हणजे आख्खा ध्वजस्तंभ आत येणं किंवा बाहेर राहणं. म्हणून वाइड झूम निवडताना लांबचं टोक किती, याची फार फिकीर करू नका. १६, १८, २०, यातलं काहीही चालेल, कारण तिथून पुढचं काम किट लेन्स सांभाळतेच. बघायचं ते जवळचं टोक.

सगळा घोळ आरशाचा

आता एक गंमत बघा. १० मिमीच्या लेन्सने सेन्सरपासून साधारण तेवढ्याच अंतरावर असायला हवं, हे साधं गणित. पण डीएसएलआरच्या पोटात आरसा असतो आणि तो फोटोच्या वेळी वर उडतो. त्याला हलायला जागा हवी, म्हणून निकॉनमध्ये लेन्सचा माउंट सेन्सरपासून ४६.५ मिमी दूर असतो आणि कॅननमध्ये ४४ मिमी. दहा मिलिमीटरची लेन्स चौपट लांब बसवून स्पष्ट चित्र काढायचं कसं?

उत्तर सापडलं दुर्बीण उलटी धरण्यात. पुढे मोठी पसरट भिंगं लावून प्रकाश आधी फाकवायचा, मग मागच्या भिंगांनी गोळा करायचा. फ्रान्सच्या पिएर आँजेन्यू यांनी १९५० साली अशी ३५ मिमीची लेन्स बाजारात आणली आणि तिला रेट्रोफोकस हे नाव दिलं. आज एसएलआरच्या वाइड लेन्सांच्या घराण्यालाच ते नाव चिकटलं आहे. वाइड झूमची पुढची काच एवढी फुगीर आणि मोठी का, याचं कारण हा आरसा. मिररलेस कॅमेऱ्यात तो नसतो. निकॉनच्या झेड माउंटमध्ये हे अंतर फक्त १६ मिमी आहे.

स्टिल कॅमेऱ्याची पहिली झूम १९५९ची, फोइग्टलेंडरची झूमार. तिचा पल्ला होता ३६ ते ८२ मिमी. तिचं सगळ्यात वाइड टोकसुद्धा आजच्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यापेक्षा अरुंद होतं! दहापासून सुरू होणारी झूम ज्या पिढीने स्वस्तात हाताळली, ती खरोखर नशीबवान आहे.

समोर फिरणारी चांदणी

वाइड लेन्सचं जुनं दुखणं म्हणजे काळवंडलेले कोपरे. तिरका येणारा प्रकाश झपाट्याने मंदावतो. साध्या लेन्समध्ये ४५ अंशांवर तो मधल्या प्रकाशाच्या फक्त चौथा हिस्सा उरतो. बर्लिनच्या गोर्झ कंपनीने १९००च्या सुमारास हायपरगॉन नावाची लेन्स काढली. दोनच भिंगं, पण दृश्य १३५ अंशांचं. कोपरे अर्थातच काळेकुट्ट. त्यांनी काय केलं, तर लेन्सच्या पुढ्यात चांदणीच्या आकाराचा छोटा पंखा बसवला आणि रबरी फुग्याने हवा मारून तो फिरवला. फोटो निघत असताना चांदणी मधला प्रकाश अडवायची, कोपऱ्यांना जास्त वेळ मिळायचा. मग पंखा खाली पाडून उरलेला फोटो पुरा करायचा. आज हेच काम कॅमेऱ्यातलं व्हिन्येट करेक्शन निमूटपणे करतं.

निकॉनची १९७०च्या दशकातली ६ मिमी फिशआय तर २२० अंश बघायची, म्हणजे स्वतःच्या थोडं मागेही! वजन पाच किलोंहून जास्त. फोटो काढणाऱ्याचे पाय, बोटं, ट्रायपॉड, सगळं फोटोत येऊ नये म्हणून जपावं लागे. फिशआयवरून एक सूचना: टोकिनाची १०-१७ ही फिशआय झूम आहे. आकडे बघून भुलू नका. फिशआयमध्ये देवळाचे खांब धनुष्यासारखे वाकतात. सरळ रेघा सरळ ठेवणारी लेन्स हवी असेल, तर नावात ‘फिशआय’ नाही याची खात्री करून घ्या.

फुलाच्या जवळ जा, आणखी जवळ

वाइड लेन्स म्हणजे ‘सगळं मावणारी लेन्स’ असा सरसकट समज आहे आणि तिथेच बहुतेकांची निराशा होते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून १० मिमीने समोरचं सगळं टिपलं, तर डोंगर दिसतात चिमुकले, आकाश रिकामं आणि खालचा अर्धा फोटो ओसाड. लेन्स नवी असली तरी फोटो फिका. कारण वाइड लेन्स दूरच्या वस्तूला अजून दूर ढकलते आणि जवळच्या वस्तूला मोठं करते. तिला जवळचं काहीतरी द्यावं लागतं.

आता कासचं पठार घ्या. कॅननची १०-१८ आणि निकॉनची १०-२० या दोन्ही लेन्सा २२ सेंटिमीटरवर फोकस करतात. हे २२ सेंटिमीटर मोजले जातात सेन्सरपासून. त्यातून माउंटचं अंतर आणि लेन्सची लांबी वजा केली, की पुढच्या काचेपासून फुलापर्यंत उरतात फक्त दहाएक सेंटिमीटर. वाटेच्या कडेला बसा, कॅमेरा जमिनीलगत आणा, पडदा बघत लेन्स तेरड्याच्या फुलाजवळ न्या. समोरचं फूल उठून दिसतं, त्याच्या पाकळीवरचं दव दिसतं आणि मागे गुलाबी गालिचा, क्षितिज, ढग सगळं हजर. फुलांत पाय न टाकता असा फोटो निघतो, हा या लेन्सचा मोठाच गुण.

स्पष्टतेच्या बाबतीतही ही लेन्स उदार. निकॉनच्या क्रॉप सेन्सरवर १० मिमी आणि ॲपर्चर एफ ८ ठेवून साधारण ६५ सेंटिमीटरवर फोकस केला, तर साधारण दीड वितीच्या अंतरापासून थेट डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ १६, एफ २२ वगैरे करायची गरजच पडत नाही. उलट तिथे चित्र मऊ पडतं आणि सेन्सरवरची धूळ ठिपके बनून आकाशात उमटते.

कडेला माणसं नकोत

सरळ रेघा सरळ ठेवायच्या, तर कोपऱ्यातल्या वस्तू ताणल्या जाणारच. भूमितीला इलाज नाही. १० मिमीला अगदी कोपऱ्यातला चेंडू रुंदीच्या पावणेदोन पट लांबट दिसतो. लग्नाच्या स्टेजवर जागा नसते, म्हणून फोटोग्राफर वाइड लावतो आणि कडेच्या मावशींचा चेहरा रुंद होतो, टोकाला उभ्या काकांचं डोकं तिरकं लांबतं. अल्बम आल्यावर त्या मावशींना वाईट वाटतं, ते वेगळंच. अशा वेळी झूम १६-१८वर आणा, दोन्ही कडांना जागा सोडा, लहान मुलांना मध्ये घ्या. इमारतीच्या बाबतीत कॅमेरा वर तोंड करून धरला की भिंती मागे कलतात. पातळीत धरा आणि लाइव्ह व्ह्यूमधली जाळी चालू ठेवा.

चटकन चार गोष्टी

सूर्याची किरणं चांदणीसारखी हवी असतील तर ॲपर्चरची पाती मोजा. पाती सम असतील तर तेवढीच किरणं, विषम असतील तर दुप्पट. कॅननच्या जुन्या १०-२२ला सहा पाती, म्हणून सहा किरणं. १०-१८ला सात, म्हणून चौदा. टोकिना ११-१६ला नऊ, म्हणून अठरा!

पोलरायझर वाइडवर जपून लावा. आकाश सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात गडद होतं. शंभर अंशांच्या फोटोत तो गडद पट्टा मध्येच डागासारखा दिसतो.

कॅमेऱ्याचा उघडणारा छोटा फ्लॅश विसरा. त्याचा प्रकाश दहाच्या कोनाला पुरत नाही. लेन्सची गोल सावली खाली पडते ती वेगळी.

फुगीर काचेच्या लेन्सला, उदाहरणार्थ सिग्मा ८-१६ला, पुढे साधा फिल्टर बसत नाही. सह्याद्रीच्या पावसात ही अडचण छोटी नव्हे.

अंधार कुठला, त्यावर लेन्स ठरते

कार्ल्याच्या चैत्यगृहात आत शिरलं की डोळे सरावायला वेळ लागतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून छताला आहेत. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे. इथे हलणारं काहीच नसतं, हलतो तो आपला हात. कॅननच्या १०-१८ आणि निकॉनच्या १०-२०मध्ये हात सावरणारं स्टॅबिलायझेशन आहे. श्वास रोखून धरलं तर पाव सेकंदाचा फोटोही हातात स्पष्ट निघतो. वजन अडीचशे ग्रॅमच्या आत, त्यामुळे गड चढतानाही जड वाटत नाही.

एप्रिल-मेच्या रात्री भंडारदऱ्याला आकाशगंगा टिपायची असेल तर मात्र स्टॅबिलायझेशनचा उपयोग शून्य. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर असतो, सरकतात ते तारे. इथे काच मोठी हवी. टोकिना ११-१६चं एफ २.८, वरच्या दोन लेन्सांच्या एफ ४.५पेक्षा अडीचपट जास्त प्रकाश आत घेतं. पाचशेला फुल फ्रेमच्या हिशोबातल्या मिलिमीटरने भागायचं, या प्रचलित नियमाने ११ मिमीला सुमारे ३० सेकंद मिळतात, त्यापुढे ताऱ्यांच्या रेघा व्हायला लागतात. कडक कोपरे हवे असतील तर २० सेकंदांवर थांबा.

दुकानात शिरण्याआधी

दोन सापळे ओळखून ठेवा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. टोकिना ११-१६च्या निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीतही ती नव्हती. या जोडीत फोकस हाताने करावा लागेल. दुसरी आवृत्ती, म्हणजे नावात ‘टू’ असलेली घ्या. दुसरा सापळा निकॉन १०-२०चा. ही एएफ-पी लेन्स आहे आणि डी९०सारख्या जुन्या बॉडीवर ती फोकसच करत नाही. आपली बॉडी सोबत नेऊन लावून बघा. फुल फ्रेम घ्यायचा विचार असेल तर हेही माहीत हवं: कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही, निकॉनची डीएक्स बसते, पण फोटो कापून देते.

कंपन्यांचं लक्ष मिररलेसकडे वळलंय, त्यामुळे डीएसएलआरच्या चांगल्या वाइड लेन्सा सेकंड हँड बाजारात भरपूर येतात. मुंबईच्या बोरा बाजारात घ्या किंवा ओळखीच्या माणसाकडून, मोबाइलचा टॉर्च लावून आरपार बघाच. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. किनारपट्टीच्या दमट हवेत ती फार पटकन धरते, आणि एकदा धरली की काच पुन्हा निर्मळ होईलच असं नाही. मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवा, समोर सरळ उभं राहून सगळ्यात मोठ्या ॲपर्चरवर फोटो काढा आणि चारही कोपरे वाढवून बघा. एकच कोपरा धूसर असेल तर लेन्स कधीतरी आपटलेली असावी. सोडून द्या. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर काळजी नको, एफ ८ला ते सावरतात.

माझं मत विचाराल तर किल्ले, लेणी, घरं, प्रवास यांसाठी कॅननवाल्यांनी १०-१८ आणि निकॉनवाल्यांनी १०-२० घ्यावी. दोन्हींचे माउंट प्लॅस्टिकचे आहेत, पण त्याने फोटोला काही होत नाही. रात्रीच्या आकाशाचं वेड असेल तर टोकिना ११-१६. आणि ८-१६ फक्त त्यांनी घ्यावी, ज्यांना दहा मिलिमीटर खरोखर कमी पडलेत.