चौलची देवळे, चौलची तळी

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता नारळ-पोफळींच्या वाड्यांमधून जातो. या वाड्यांच्या सावलीतच चौल वसले आहे. चौलमध्ये पूर्वी ३६० देवळे आणि ३६० तळी होती, असे रायगडच्या किनाऱ्यावर पूर्वापार सांगितले जाते. वर्षाच्या दर दिवसाला एक देऊळ आणि एक तळे! आकडा लोकपरंपरेचा आहे, तो मोजून पाहण्याचा हट्ट कोणी धरू नये. मात्र देवळांइतकीच तळीही मोजावीत असे ज्या लोकांना वाटले, त्यांची दृष्टी समजून घेण्यासारखी आहे. ती समजावी असा योग गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी आला.

माझे सासरे पेणला सुपारी-नारळाचा व्यापार करीत. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. त्यांच्या निधनाला वर्ष होत आले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ काढून ठेवलेल्या रकमेचा विनियोग कसा करावा, याचा विचार घरात सुरू झाला. थोरल्या दिरांचे म्हणणे होते की मंदिराच्या सभामंडपाला संगमरवरी फरशी घालावी. धाकट्यांचेही तेच मत होते. सासूबाई दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “आधी मला एकदा चौलला घेऊन चला. मग काय ते सांगते.” लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आप्पा सुपारीच्या खरेदीसाठी चौलला निघाले की त्याही सोबत जात. दत्तजयंतीच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो.

चेमुलचे चौल

आज शांत दिसणारे हे गाव एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. पुराणकथांतून चंपावती आणि रेवतीक्षेत्र ही या परिसराची नावे येतात. ग्रीक नाविकांच्या ‘पेरिप्लस’मध्ये ते सेमिला म्हणून येते, तर टॉलेमीच्या भूगोलात सिमिला म्हणून. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत चेमुल, कल्याण, सोपारा येथील व्यापाऱ्यांची आणि सोनारांची दाने कोरलेली आहेत. त्या लेण्यांत दात्यांनी केवळ निवासाच्या गुंफा दिल्या नाहीत, पाण्याची टाकीही दिली. इसवी सन ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल् मसूदी येथे आला, तेव्हा ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले हजारो मुसलमान या ‘सैमूर’मध्ये राहत होते, अशी नोंद त्याने केली आहे.

व्यापारी कुटुंबांना विशेष वाटावा असा उल्लेख शिलाहार राजा अनंतदेव याच्या खारेपाटण ताम्रपटात आहे. हा ताम्रपट शके १०१६ चा, म्हणजे इसवी सन १०९४-९५ चा आहे. महामात्य भाभणश्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धनमश्रेष्ठी यांच्या जहाजांना स्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुली इत्यादी बंदरांत जकात माफ करण्यात आल्याचे त्यात नमूद आहे. स्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि चेमुली म्हणजे आपले चौल. नागपूर म्हणजे चौलच्या शेजारचे नागाव, असे काही अभ्यासक मानतात. नऊ शतकांपूर्वी शेठ मंडळींची गलबते ज्या खाडीत शिरत होती, तिच्याच काठाने आज एस.टी. धावते.

पुढे १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा विक्रीसाठी घेऊन चौलला उतरला. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीज आणि इजिप्तच्या आरमारांची लढाई झाली. १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याचा कोट बांधायला घेतला. १५८३ मध्ये येथे आलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने मसाले, रेशीम, चंदन, हस्तिदंत आणि चिनी माल यांचा मोठा व्यापार पाहिला. १७४० मध्ये कोट मराठ्यांकडे आला. तोवर मुंबईचा उदय होऊन व्यापार तिकडे वळू लागला होता. व्यापार गेला आणि वाड्या राहिल्या.

देवळापुढचे पाणी

चौलच्या दर्शनाचा आरंभ अलिबागलाच करावा. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते. तेथे राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, आणि त्याच्यासमोर पुष्करिणी आहे. चोहोबाजूंनी खारा समुद्र असताना किल्ल्याच्या आत गोडे पाणी मिळते, हे पाहून मुले थक्क झाली. तेथून पुढे अक्षी लागते. शके ९३४ चा म्हणून ओळखला जाणारा, मराठीच्या आद्य शिलालेखांत गणला जाणारा लेख तेथलाच. नागाव ओलांडले की चौल.

रामेश्वराचे मंदिर हे चौलचे हृदय म्हणावे. समोर दगडी पायऱ्यांची पुष्करिणी, काठावर दीपमाळ, मागे कौलारू छपराचे मंदिर आणि भोवती माडांचे शेंडे. मंदिरात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडे असून ती झाकलेली असतात. अवर्षणाच्या वर्षी पर्जन्यकुंड उघडले जाई आणि मग पाऊस पडे, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट ध्यानात येते. सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भूमीतही माणसाला पाण्याची चिंता होती, आणि त्या चिंतेला त्याने देवळात जागा दिली होती.

पुढे शितळादेवीचे दर्शन घेतले. मग भोवाळ्याच्या टेकडीवर पायऱ्या चढून दत्तमंदिरात गेलो. हिंगळाजदेवीचे स्थान डोंगरातील जुन्या कोरीव लेण्यांत आहे. दत्ताच्या टेकडीवरून पोफळींचा हिरवा पसारा आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो. शहर दिसत नाही. ते झाडांखाली आहे: कोठे हमामखान्याचे घुमट, कोठे कोटाची पडकी भिंत, कोठे शेवाळलेल्या पायऱ्यांचे निनावी तळे. रेवदंड्याच्या कोटातील सातखणी मनोरा पाहून आम्ही पुन्हा चौलच्या वाड्यांकडे वळलो, कारण सासूबाईंना जे पाहायचे होते ते अजून राहिले होते.

आप्पांची विहीर

आप्पा ज्या बागायतदाराकडून सुपारी घेत, त्याच्या वाडीत एक लहान तळे होते आणि तळ्याच्या वरच्या अंगाला विहीर होती. आप्पा कोठेही गेले तरी गाळण्याचे दुहेरी कापड त्यांच्या पिशवीत असे. विहिरीचे पाणी ओढायचे, गाळून घ्यायचे आणि कापडावर उरलेली जिवाणी त्याच विहिरीत हलकेच सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही, जमिनीवर तर नाहीच. सासूबाई म्हणाल्या, “मी एकदा घाईने अंगणातच कापड झटकले. तेव्हा ते काही बोलले नाहीत. पुन्हा पोहरा सोडला, पाणी काढले, पुन्हा गाळले आणि मला नीट दाखवले.”

वाडी सापडली. आता बागायतदाराचा मुलगा कारभार पाहतो. त्याने अगत्याने बसवले, शहाळी दिली. विहिरीबद्दल विचारताच मात्र तो ओशाळला. विहिरीवर लोखंडी जाळी टाकलेली होती. “पाणी मचूळ झालंय, काकू. पाचसहा वर्षं झाली. आता पिण्याला नळाचंच.” खालचे तळे गाळाने भरले होते. वर कमळेही नव्हती, जलपर्णीचा जाड गालिचा होता. एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेले निर्माल्य तरंगत होते.

सासूबाई विहिरीच्या कठड्याला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या.

विहीर मचूळ का झाली, याचे उत्तर तळ्यात आहे. किनाऱ्यावरच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत असते, कारण ते हलके असते. जलशास्त्राचा ढोबळ नियम असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी साठून राहते. म्हणजे वरची पातळी एका फुटाने उतरली, तर खालून खारे पाणी ४० फूट वर चढू शकते. पावसाळ्याचे पाणी अडवून सावकाश जमिनीत मुरवण्याचे काम तळी करीत होती. गाळाने तळ बुजला, मुरणे थांबले आणि पंपाने उपसा वाढला, की विहिरीत समुद्र शिरतो. ३६० तळ्यांचे चौल म्हणजे, आकडा काहीही असो, समुद्राला जमिनीखाली थोपवून धरणारी तटबंदी होती. कोट सैनिकांनी राखला. ही तटबंदी गाळ उपसणाऱ्या हातांनी राखली.

परतीच्या वाटेवर

गाडीत थोरले दीर म्हणाले, “आई, तळ्याचा गाळ काढायचा म्हटले तर त्यातले जीव मरतील. ती हिंसा आपल्या माथी यायची.”

शंका रास्त होती. सासूबाईंनी तिला बगल दिली नाही. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या १५ कर्मादानांत सरद्रहतडागशोषण, म्हणजे सरोवरे, डोह, तळी आटवण्याचा धंदा, स्पष्टपणे सांगितला आहे. त्याची आठवण देऊन त्या म्हणाल्या, “आटवणे पाप, हे आपल्याला पाठ आहे. पण हे तळे आटतेच आहे, कोणी न आटवता. आपण नुसते पाहत राहिलो तर त्या जिवांचे काय होणार? सगळे पाणी उपसू नका. अर्धे तळे आधी, अर्धे नंतर. जीव पाण्यात राहतील असे करा. आणि त्यांनी आयुष्यभर त्या विहिरीत जिवाणी सोडली. ती परत करायला आता पाणीच उरले नाही, हे मला सोसवत नाही.”

मग गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. नळाच्या पाण्यालाही आम्ही गाळणे लावतो. परंतु ते पाणी कोणत्या नदीचे, कोणत्या धरणाचे, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नसते. उरलेली जिवाणी जेथून आली तेथे पोहोचवण्याची वाटच बंद झाली आहे. गाळण्याच्या नियमात पाण्याच्या उगमाशी नाते राखण्याची जी अट होती, ती आम्ही कधी विसरलो, हे आम्हाला कळलेही नव्हते.

आमच्या घरात ठरले ते असे. फरशीचे काम मंदिराचे इतर दाते करीत आहेत. त्यात आमचा लहानसा वाटा राहील. मोठी रक्कम तळ्यासाठी. ग्रामपंचायतीशी आणि वाडीच्या मालकाशी बोलणे झाले आहे. काम वैशाखात, पाणी सर्वांत कमी असताना, दोन टप्प्यांत होईल. खोल भागातील पाणी तसेच राहील, म्हणजे मासे आणि कासवे तेथे सरकतील. काढलेला गाळ पोफळींच्या मुळाशी जाईल. पायऱ्यांचे निसटलेले चिरे पुन्हा बसवले जातील. तळाला मात्र काँक्रीट घातले जाणार नाही, कारण काँक्रीटच्या तळातून पाणी मुरत नाही. मग ते तळे न राहता नुसती टाकी होते. नावाची पाटी लावायची का, असे धाकट्या दिरांनी विचारले. सासूबाई म्हणाल्या, “विहिरीचे पाणी गोड झाले की तीच पाटी.”

ते गोड होईल की नाही, हे एका पावसाळ्यात कळणार नाही. खारे पाणी मागे हटायला वर्षे लागतात, आणि शेजारच्या वाड्यांतील उपसा आमच्या हाती नाही. तरीही काम करायचे ठरले आहे.

वाचकांपैकी ज्यांना चौलला जावयाचे असेल, त्यांनी कार्तिक ते माघ या काळात जावे. मुंबईहून मांडव्यापर्यंत जलमार्गाने आणि तेथून अलिबागमार्गे रस्त्याने जाता येते. अलिबागहून रेवदंड्याच्या एस.टी. गाड्या चौलवरूनच जातात. देवळे पाहताना प्रत्येक देवळापुढचे तळेही पाहावे. त्याच्या पायऱ्या मोजाव्यात, पाण्याचा रंग पाहावा, आणि त्या पाण्यावर कोणाची विहीर जगते हे गावातील एखाद्या वृद्धाला विचारावे. निर्माल्य पाण्यात टाकू नये. आपल्या पूर्वजांपैकी कोणी या किनाऱ्यावर व्यापार केला असेल, तर त्यांनी पाणी कोठे प्यायले, हेही घरात विचारून ठेवावे. सांगणारी माणसे अजून आहेत, तोवरच.