गोळाफेकीसाठी ट्रायसेप्स कमवा, पण कोपर सांभाळून

पंचवटीत पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले-मुली पहाटे धावताना आम्ही पाहतो. धावण्यावर त्यांची मेहनत दिसते, गोळाफेक मात्र मागे राहते. मैदानी चाचणीत तिला १५ गुण आहेत. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. जोर पाय आणि कमरेतून येतो, पण शेवटचा धक्का देतो तो हात सरळ करणारा ट्रायसेप्स.

जिममध्ये आरशासमोर सगळे बायसेप्स फुगवतात. खरे तर दंडाचा मोठा भाग मागच्या ट्रायसेप्सचाच असतो. त्याच्या तीन भागांपैकी लांब भाग खांद्याच्या फऱ्याला जोडलेला असतो, म्हणून डंबेल डोक्यामागे नेला की तो पूर्ण ताणला जातो. कोपर दुखावते तेही इथेच. १०-१२ वेळा नीट उचलता येईल एवढेच वजन घ्या, सावकाश खाली न्या, झटका देऊ नका.

क्लोज ग्रिप बेंच प्रेसमध्ये हात खांद्याएवढ्या अंतरावर ठेवा. त्याहून जवळ घेतले तर मनगटावर ताण येतो. अंगठा दांड्याभोवती हवाच आणि डोक्याशी सपोर्टला कोणीतरी उभे हवे. सोबत कोणी नसेल तर बेंच सोडा आणि सरळ तालमीतले दंड काढा. त्याला फीही लागत नाही.

पुन्हा ट्रायसेप्स घेण्याआधी दोन दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी दंड जड वाटणे ठीक, पण कोपराच्या हाडाशी टोचत असेल तर भरती तोंडावर असली तरी वजन थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.