बोटीचे इंजिन बंद ठेवतानाच होते महापुराची तयारी

कृष्णेच्या एकाच खोऱ्यात मोटरबोटींचे दोन ऋतू आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर तापोळा आणि बामणोली येथील पर्यटकांच्या बोटींचा खरा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा. पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद होते आणि बोटी काठाला लागतात. सांगलीत मात्र पूरबचावाच्या बोटी वर्षातले आठ-नऊ महिने पडून असतात. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा पात्र सोडू लागली की त्यांना बाहेर काढले जाते. महाबळेश्वर-कोयना परिसरात कोसळणारा जो पाऊस साताऱ्याच्या बोटी थांबवतो, तोच पुढे सांगलीच्या बोटींना पाण्यात उतरवतो.

दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे : कित्येक महिने बंद असलेले इंजिन गरजेच्या दिवशी सुरू होईल का? पर्यटकांची बोट अडली तर दिवसाची कमाई बुडते. पुरातील बोट अडली तर त्याची किंमत वेगळी असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीने ही पातळी बरीच मागे टाकली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. पुरात बोटीचा प्रवास किती नाजूक असतो, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. बोटीच्या पाठीमागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनात सुकाणूचे कामही इंजिनच करते. ते प्रवाहात बंद पडले, तर वेगाबरोबर दिशेवरचा ताबाही जातो.

शत्रू थंडी नव्हे, दमट हवा

थंड देशांत हिवाळ्यापूर्वी इंजिन बंद करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. तेथे मुख्य भीती असते ती इंजिनात राहिलेले पाणी गोठण्याची. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि धातूचे आवरण तडकते. सातारा-सांगलीत ही भीती नाही. येथे इंजिन बिघडते ते दमट हवा, शिळे पेट्रोल, नदीचा गाळ आणि उन्हाळ्यातील उष्णता यांमुळे.

यात पेट्रोलचा वाटा मोठा आहे. पेट्रोल काही महिने पडून राहिले की त्यातील हलके घटक उडून जातात आणि मागे चिकट थर उरतो. कार्बोरेटरची केसाएवढी बारीक छिद्रे त्याने चोंदतात. त्यात आता पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्याला ओळखीचे असलेले हे इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि इंजिन नेमके तेथूनच इंधन ओढते. अनेक आउटबोर्ड इंजिने १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनवलेली असतात. त्यामुळे इंजिनासोबत आलेली माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

क्रम महत्त्वाचा

इंजिन बंद ठेवण्याचे काम गोड्या, स्वच्छ पाण्याने धुण्यापासून सुरू होते. पाणी खेचण्याच्या जाळीवर रबरी टोप्या बसवून त्यांना नळाची पाइप जोडतात किंवा इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवतात. मग इंजिन न्यूट्रलमध्ये दहा-पंधरा मिनिटे चालवले की आत अडकलेला गाळ निघून जातो. हे काम उघड्यावरच करावे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. पाण्याविना इंजिन क्षणभरही चालवू नये. तसे केल्यास पाणी खेचणाऱ्या पंपातील रबरी इंपेलर काही सेकंदांत जळू शकतो.

कार्बोरेटरच्या इंजिनात याच वेळी इंधनाची नळी काढून उरलेले पेट्रोल संपू दिले जाते. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात मात्र हा उपाय टाळावा. तेथे पेट्रोल टिकवणारे स्टॅबिलायझर मिसळून इंजिन काही मिनिटे चालवतात.

फोर-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल कोमट असतानाच बदलावे. वापरलेल्या तेलातील आम्ले बंद इंजिनातील धातू खात राहतात. त्यानंतर खालच्या भागातील गिअर ऑइल काढून पाहावे. ते दुधासारखे पांढुरके दिसले, तर सील गळून आत पाणी शिरल्याची ती खूण असते. नवे तेल खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरतात. शेवटी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये गंजरोधक तेल फवारावे आणि इंजिन हाताने दोन-चार वेळा फिरवून प्लग परत बसवावेत.

पंखा काढून दांड्याला गुंडाळलेले दोर, जाळ्यांचे तंतू काढावेत आणि ग्रीस लावावे. बॅटरी सोडवून वेगळी ठेवावी. १२ व्होल्टची पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. दर महिन्याला तपासून ती १२.४ च्या खाली जाताच चार्ज करावी. इंजिन उभेच ठेवावे म्हणजे पाणी निथळते. त्यावर प्लास्टिक घट्ट गुंडाळण्याऐवजी हवा खेळणारे कापड घालावे. वायर कुरतडणाऱ्या उंदरांचाही बंदोबस्त हवा.

सांगलीचा नियम वेगळा

शिवसागराच्या बोटींना सुटीची तारीख ठाऊक असते, पूर मात्र तारीख देत नाही. म्हणून बचावाच्या बोटीला गाढ झोप परवडत नाही. तिचे इंजिन महिन्यातून एकदा पिंपाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे चालवून पाहणे हितावह. त्या वेळी इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार जोरात येते की नाही, यावर लक्ष ठेवावे. धार मंदावली तर इंपेलर तपासावा. वापर कमी असला, तरी रबर कालांतराने कडक होते. त्यामुळे इंपेलर दोन-तीन वर्षांनी बदलणेच योग्य. जूनपूर्वी जुने पेट्रोल काढून ताजे भरावे. एक सुटा इंपेलर, प्लगचा संच आणि सुरू करण्याचा दोर बोटीतच असावा.

या साऱ्याला खर्च थोडा आणि वेळ अर्ध्या दिवसाचा लागतो. प्रत्येक इंजिनाशी एक तक्ता टांगून शेवटची चाचणी, तेलबदल आणि पेट्रोल भरल्याची तारीख लिहिली, तर ती जबाबदारी कोणाच्या स्मरणावर राहत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांकडे सरकू लागल्यावर इंजिन उघडून पाहण्यास सवड नसते. ती सवड डिसेंबर ते मे या काळातच मिळते.