विश्लेषण : फोनची बॅटरी वर्ष-दीड वर्षातच का थकते? रात्रभर चार्जिंगपेक्षा ऊन अधिक घातक कसे?

फोनवर २२ टक्के चार्जिंग दिसत असते. पैसे देण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला कॅमेरा उघडला जातो आणि फोन बंद पडतो. चार्जरला लावला की पुन्हा १८-२० टक्के दाखवतो. जेमतेम दीड वर्ष वापरलेल्या फोनबाबत असे होऊ लागले की दुकानदारापासून घरच्यांपर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच असतो, ‘आता नवा घ्या’. ज्यांचे पोट फोनवर चालते, म्हणजे घरपोच खाद्यपदार्थ देणारे, अ‍ॅपवर रिक्षा-टॅक्सी चालवणारे, घरोघरी फिरून नोंदी करणाऱ्या आशा सेविका, त्यांच्यासाठी हा सल्ला दहा-पंधरा हजारांचा असतो. प्रत्यक्षात अशा वेळी फोन बहुधा ठणठणीत असतो, थकलेली असते ती बॅटरी. आणि ती इतक्या लवकर थकण्यात उष्णतेचा वाटा अनेकांना वाटतो त्याहून मोठा असतो.

‘बॅटरी टिकत नाही’ म्हणजे नेमके काय?

मराठीत हे एकच वाक्य दोन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरले जाते. एक म्हणजे सकाळी भरलेली बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. दुसरे म्हणजे दोन वर्षांपूर्वी पुरत होती, आता पुरत नाही. पहिला प्रश्न खर्चाचा आहे, दुसरा बॅटरीच्या वयाचा.

खर्चाचे मोठे धनी तीन: स्क्रीन, नेटवर्क आणि एखादे हावरट अ‍ॅप. त्यातले नेटवर्क सहसा लक्षात येत नाही. सिग्नल क्षीण असला की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन अधिक ताकद लावतो. त्यामुळे कसारा-इगतपुरी घाटात किंवा कोकण रेल्वेच्या बोगद्यांच्या पट्ट्यात फोन नुसता खिशात असला तरी बॅटरी भराभर उतरते. सेटिंग्जमधील ‘बॅटरी’ विभागात कोणत्या अ‍ॅपने किती टक्के खाल्ले ते दिसते. तिथे एखादेच अ‍ॅप वर आले असेल, तर बॅटरीला दोष देण्यापूर्वी त्या अ‍ॅपकडे पाहावे. वापर पूर्वीसारखाच असून टक्के भराभर घसरत असतील, ३० वरून एकदम १२ वर उडी जात असेल, तर मात्र बॅटरी म्हातारी झाली आहे.

बॅटरीच्या आत काय होते?

आजच्या जवळपास सर्व फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनीने १९९१ मध्ये ती बाजारात आणली आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिच्या आत एका बाजूला प्रामुख्याने ग्रॅफाइटचा थर, दुसऱ्या बाजूला बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड आणि मधे इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव असतो. चार्जिंग करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, फोन वापरताना परत येतात. ठाणे-पुणे रोज ये-जा करणाऱ्या नोकरदारांसारखेच हे आहे. फरक इतकाच की प्रत्येक फेरीत काही प्रवासी परत येत नाहीत.

ते अडकतात कुठे? ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटशी रासायनिक क्रिया होऊन एक पातळ पापुद्रा तयार होतो. तंत्रज्ञ त्याला ‘एसईआय’ म्हणतात. हा पापुद्रा गरजेचाच असतो, त्याच्याशिवाय बॅटरी चालणार नाही. मात्र तो हळूहळू जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचे अडकते. म्हणून क्षमता घटते. शिवाय आयनांची वाट अवघड झाल्याने बॅटरीचा अंतर्गत रोधही वाढतो. नळात क्षार साचल्यावर टाकीत पाणी असूनही धार बारीक येते, तसे. कॅमेरा उघडल्यावर फोन एकाएकी जास्त वीज मागतो, जुनी बॅटरी ती देऊ शकत नाही, व्होल्टेज घसरते आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. २२ टक्क्यांचे कोडे ते हेच.

‘सायकल’ कशी मोजतात?

चार्जर जितक्या वेळा लावला तितक्या सायकल, हा समज चुकीचा आहे. एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल. आज ६० टक्के वापरले, रात्री चार्ज केले, उद्या ४० टक्के वापरले, तर दोन दिवसांत मिळून एकच सायकल होते. त्यामुळे मधेमधे थोडे थोडे चार्ज करण्याने काहीही बिघडत नाही.

अ‍ॅपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी आदर्श परिस्थितीत ५०० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरेल अशी बनवलेली आहे. आयफोन १५ पासून हाच आकडा १००० सायकलचा आहे. आता हिशेब करा. रोज एक सायकल होत असेल तर ५०० सायकल सुमारे साडेसोळा महिन्यांत संपतात. दिवसभर नकाशा सुरू ठेवणाऱ्या आणि दुपारी पुन्हा पॉवर बँक लावणाऱ्याच्या रोज दीड सायकल होत असतील, तर अकरा महिन्यांत. आणि ‘आदर्श परिस्थिती’ म्हणजे मे महिन्यातले नागपूर नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

उष्णता सर्वाधिक घातक का?

पापुद्रा जाड करणारी रासायनिक क्रिया तापमानाबरोबर वेग घेते. त्यात बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिचे व्होल्टेजही जास्त असते आणि क्रियेला आणखी जोर मिळतो. म्हणजे ऊन आणि १०० टक्के चार्जिंग ही जोडगोळी सर्वात वाईट.

बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावरचा एक तक्ता यासाठी जगभर उद्धृत केला जातो. त्यानुसार लिथियम-आयन बॅटरी ४० टक्के भरून २५ अंश सेल्सिअसला वर्षभर नुसती ठेवली, तर ९६ टक्के क्षमता उरते. तीच १०० टक्के भरून ठेवली तर ८०. तापमान ४० अंश केले, की ४० टक्के भरलेल्या बॅटरीत ८५ आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीत अवघी ६५ टक्के क्षमता शिल्लक राहते. हे न वापरता, केवळ ठेवून दिल्यावर. बॅटरीच्या प्रकारानुसार आकडे पुढे-मागे होतील, दिशा बदलत नाही.

आयफोन ० ते ३५ अंश वातावरणातच वापरावा, असे अ‍ॅपल सांगते. चंद्रपूर, अकोला, नागपूरला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तोही सावलीत मोजलेला असतो. दुचाकीच्या हँडलवरील होल्डरमध्ये लावलेल्या फोनवर थेट ऊन पडते. उन्हात दिसावे म्हणून स्क्रीनचा प्रकाश पूर्ण वाढवलेला, जीपीएस आणि मोबाइल डेटा सतत सुरू, आणि खालून पॉवर बँकेची वायर. उष्णतेचे एवढे स्रोत एकाच वेळी क्वचितच कुठे एकत्र येतात. (दुचाकीच्या इंजिनाची कंपने आयफोनच्या कॅमेऱ्यालाही बाधक ठरू शकतात, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिला होता. होल्डरवर फोन लावणाऱ्यांनी तोही लक्षात ठेवावा.)

यावर उपाय महागडा नाही. शक्य तिथे रस्ता एकदा पाहून घेऊन फोन खिशात ठेवावा आणि सूचना इअरफोनवर ऐकाव्यात. होल्डर लागणारच असेल तर चार्जिंग मात्र थांबल्यावर, सावलीत करावे. पॉवर बँक ९०-१०० टक्क्यांपर्यंत न नेता ६०-७० ला काढली तरी पुढची फेरी निघते. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नये. फोन तापल्यावर स्क्रीन आपोआप मंद होते किंवा चार्जिंग थांबल्याचा संदेश येतो. हा बिघाड नसून बचाव आहे. अशा वेळी जाड कव्हर काढून फोन पंख्याखाली ठेवणे पुरेसे असते. तो फ्रिजमध्ये ठेवण्याचा ‘जुगाड’ करू नये, कारण बाहेर काढल्यावर आत दव जमून सर्किट खराब होऊ शकते. घरातही उशीखाली चार्जिंग किंवा चार्जिंग सुरू असताना तासभर गेम, हे याच प्रकारात मोडते.

मग रात्रभर चार्जिंग करावे की नाही?

रात्रभर लावून ठेवल्याने फोन ‘ओव्हरचार्ज’ होत नाही. बॅटरी भरली की फोनमधील सर्किट प्रवाह थांबवते. तोटा असतो तो रात्री एकपासून सकाळी सातपर्यंत बॅटरी १०० टक्क्यांच्या ताणात राहण्याचा. त्यासाठीच २०१९ मध्ये आयओएस १३ मध्ये ‘ऑप्टिमाइज्ड चार्जिंग’ आले. फोन ८० टक्क्यांवर थांबतो आणि उरलेले तुमच्या उठण्याच्या वेळेच्या आसपास भरतो. आयफोन १५ पासून थेट ८० टक्क्यांची मर्यादा घालता येते. सॅमसंग आणि गुगल पिक्सेलच्या अनेक फोनमध्येही अशी सोय आहे. इतर कंपन्यांत नावे बदलतात, ‘बॅटरी प्रोटेक्शन’ किंवा ‘स्मार्ट चार्जिंग’ असे काहीसे शोधावे.

दिवसभर कार्यालयात, चार्जरच्या जवळ बसणाऱ्यांनी ही मर्यादा बेलाशक लावावी. ज्यांना सकाळी निघून रात्री परतायचे आहे त्यांनी मात्र १०० टक्के करूनच निघावे. २० ते ८० च्या हट्टापायी दुपारी उन्हात पॉवर बँक लावावी लागत असेल, तर त्यात फायद्यापेक्षा तोटा अधिक. वापरात नसलेला फोन कपाटात ठेवताना मात्र सुमारे ५० टक्के भरून, बंद करून ठेवावा.

‘नवा फोन आधी आठ तास चार्ज करा’, ‘पूर्ण संपवूनच चार्जिंगला लावा’ हे सल्ले निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातले. गंमत म्हणजे ज्या नोकियाच्या बीएल-५सी बॅटरीबरोबर ते घरोघरी ऐकले गेले, तीही लिथियम-आयनच होती. २००७ मध्ये त्यातील ४.६ कोटी बॅटऱ्या तापण्याची शक्यता असल्याचे नोकियाने जाहीर केले होते, तेव्हा ग्राहकांना मागचे झाकण उघडून बॅटरी बदलून घेता आली. आज ते झाकण उघडत नाही.

फास्ट चार्जिंगबद्दलची भीती काहीशी अवाजवी आहे. वेग सुरुवातीच्या टप्प्यातच असतो, पुढे फोन स्वतः तो कमी करतो. तरी उष्णता वाढतेच, त्यामुळे रात्री घाई नसताना घरातला जुना, कमी वॉटचा चार्जर बरा. मागची अ‍ॅप सतत बंद करत बसण्याचाही उपयोग नाही, ती पुन्हा उघडताना उलट जास्त ऊर्जा लागते.

बॅटरी कधी बदलावी?

क्षमता ८० टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलण्याचा विचार करावा, असा सर्वसाधारण निकष आहे. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ दिसते. ती सहजासहजी आलेली नाही. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून ते संथ केले जात होते. हे २०१७ च्या अखेरीस उघड झाल्यावर अ‍ॅपलला माफी मागावी लागली, बॅटरी बदलण्याचे दर उतरवावे लागले आणि २०१८ मध्ये ही माहिती ग्राहकांना खुली करावी लागली. अँड्रॉइडमध्ये एकसारखी पद्धत नाही. सॅमसंगमध्ये ‘सॅमसंग मेंबर्स’ अ‍ॅपमधील तपासणीत, तर पिक्सेल ८ए आणि नंतरच्या फोनमध्ये सेटिंग्जमध्येच स्थिती कळते.

बॅटरी बदलण्याचा खर्च नव्या फोनच्या तुलनेत किरकोळ असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलनिहाय दर पाहता येतात आणि गल्लीतल्या दुकानात जाण्याआधी तो आकडा पाहून घ्यावा. बाहेरून बॅटरी घ्यायचीच असेल तर त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, ‘आयएस १६०४६’ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. लिथियम बॅटऱ्यांसाठी ही नोंदणी सक्तीची आहे.

एका बाबतीत मात्र थांबू नये. स्क्रीन कडेने उचललेली दिसली किंवा मागचे झाकण फुगले, तर आतील रसायनांचे विघटन होऊन वायू साठला आहे. असा फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, टाचणी टोचायची तर मुळीच नाही. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकणेही धोक्याचे, कारण कचरा दाबताना ती फुटून आग लागू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांच्या संकलनाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ती सेवा केंद्रात द्यावी.

नवा फोन घेताना काय पाहावे?

सिलिकॉन-कार्बन तंत्रामुळे आता ७००० एमएएचचे फोन मिळू लागले आहेत. मोठ्या बॅटरीचा एक फायदा जाहिरातीत सांगितला जात नाही. रोज ५००० एमएएच खर्च होत असतील तर ५००० च्या बॅटरीत रोज एक सायकल होते, ७००० च्या बॅटरीत जवळपास ०.७. म्हणजे ५०० सायकल गाठायला साडेसोळाऐवजी २३ महिने लागतात.

बॅटरी किती सायकल टिकेल, हे मात्र भारतात फोनच्या खोक्यावर लिहिण्याचे बंधन नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून ते लागू केले. तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी किमान ८०० सायकलनंतर ८० टक्के उरली पाहिजे आणि सायकलचा आकडा ऊर्जा लेबलवर छापावा लागतो. हे लेबल युरोपच्या ‘एप्रेल’ या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही पाहता येते. त्यामुळे भारतात एखादे मॉडेल घेण्याआधी त्याच नावाच्या युरोपीय मॉडेलचा आकडा तपासता येईल. फक्त दोन्हीकडची एमएएच क्षमता सारखीच आहे ना, हे आधी जुळवून पाहावे, कारण एकाच नावाच्या फोनमध्ये भारतात आणि युरोपात वेगवेगळ्या क्षमतेच्या बॅटऱ्या दिल्या जातात.