रिपोर्टमधले ‘वाढलेले’ आकडे कसे वाचावेत?

वर्षावास संपत आला की युसूफ वडगाव आणि केज तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये ऊसतोडीला जाण्याची तयारी सुरू होते. उचल घेतलेली असते, लेकरांची सोय लावायची असते. नेमक्या याच दिवसांत अंगदुखी, बारीक ताप, सांधे धरणे यासाठी रक्त तपासले जाते आणि कागदावर दोन-तीन आकडे जाड अक्षरांत छापून येतात. कुणी सांगते ‘रक्तात इन्फेक्शन आहे’, कुणी ‘वात रक्तात उतरला’, कुणी ‘प्रतिकारशक्ती संपली’. म्हणून या अंकात आम्ही या आकड्यांबद्दलच लिहीत आहोत.

आधी एक साधी गोष्ट. कागदावर उजवीकडे जी ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक वेळा शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णव जण जिच्यात बसतात अशी मर्यादा असते. उरलेले पाच जणही निरोगीच असतात. त्यामुळे एकदम वीस तपासण्यांचे ‘पॅकेज’ केले, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर जाण्याचीच शक्यता जास्त. गरज नसताना पॅकेज करू नये असे आम्ही म्हणतो ते पैशांसाठी तर आहेच, पण या घबराटीसाठीही आहे.

ईएसआर ही जुनी आणि स्वस्त तपासणी. पोलंडच्या बिएरनात्स्की या डॉक्टरांनी १८९७ मध्ये ती मांडली. रक्त उभ्या नळीत ठेवायचे आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते पाहायचे. शरीरात कुठे दाह असला, म्हणजे आतून सूज असली, की यकृत काही प्रथिने जास्त बनवते. त्यांच्यामुळे तांबड्या पेशी भाकरीच्या चवडीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात, जड होतात आणि लवकर खाली बसतात. पण पेशी लवकर बसण्याची कारणे आणखीही आहेत. वय वाढले की ईएसआर वाढतो. पन्नाशीच्या बाईचा ३० पर्यंतचा आकडा चालतो. गरोदरपणात वाढतो. आणि रक्त कमी असले तरी वाढतो. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. म्हणून एखाद्या ताईचे हिमोग्लोबिन ८ आणि ईएसआर ४५ असेल, तर आधी हिमोग्लोबिनकडे पाहावे.

ईएसआर वाढला म्हणजे टीबी, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. टीबी ईएसआरवरून ठरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणे असेल तर बेडका तपासावा लागतो आणि ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. टीबी निघालाच तर औषधही मोफत, शिवाय आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात.

सीआरपी जास्त चपळ असते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडले. दाह सुरू झाल्यावर काही तासांत ते वाढू लागते, साधारण दोन दिवसांत शिखरावर जाते आणि कारण दूर झाले की दर १९ तासांनी निम्मे होत उतरते. ईएसआर मात्र उतरायला आठवडे घेतो. तेव्हा तापातून उठल्यावर सीआरपी उतरली, ईएसआर अजून चढलेला आहे, तर बहुधा माणूस बरा होत आहे. स्थूलपणा, विडी-सिगारेट, सुजलेल्या हिरड्या यांनीही सीआरपी थोडी वाढते. शंभराच्या वर गेली आणि ताप असेल, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एक फसवी जागा : काही लॅब हा आकडा लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे. लिटरमागचे १० म्हणजे डेसिलिटरमागचे १. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवताना एकक वाचावेच.

हे दोन्ही आकडे म्हणजे धूर. धूर दिसतो, पण चूल पेटली आहे की गंजी, हे धुरावरून कळत नाही.

हे आम्ही ताणून सांगतो त्याला कारण आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, रक्तात पांढऱ्या पेशी वाढणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात आणि तो बहुतेक वेळा औषधाने बरा होतो. ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे केवळ अशा रिपोर्टवरून कुणी सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नये. सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ते दवाखान्यातही लागू पडते.

आता प्रतिकारशक्तीच्या तपासण्या. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे संधिवात, असे नाही. म्हातारपणी, टीबीत, कुष्ठरोगात, काविळीच्या काही विषाणूंनीही तो पॉझिटिव्ह येतो. उलट खरा संधिवात असलेल्या चार-पाच जणांमागे एकाचा तो निगेटिव्ह असतो. हाताच्या बोटांचे सांधे सहा आठवड्यांहून जास्त सुजलेले असणे, सकाळी तासभर मूठ न वळणे, या खुणा कागदापेक्षा महत्त्वाच्या. मोळ्या वाहून दुखणारी कंबर आणि गुडघे हा बहुधा वेगळा विषय. एएनएचेही तसेच, थोड्या प्रमाणात तो कितीतरी निरोगी माणसांत सापडतो. उन्हात गालांवर चट्टे, तोंडात वरचेवर फोड, केस गळणे, लघवीला फेस, सांधेदुखी अशी लक्षणे सोबत असतील तरच त्याला वजन येते, आणि तेव्हा उशीर करू नये.

‘एका डोसात गुण’ देणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांत अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने सूज दबते, पण पांढऱ्या पेशी आणि साखर वाढते, म्हणजे रिपोर्टही फसवा येतो. अशी गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे आहे. काय घेतले ते डॉक्टरांना सांगावे, गोळीचे पाकीट दाखवावे. आणि प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या महागड्या पावडरींपेक्षा त्याच पैशांत डाळ, अंडी, शेंगदाणे घरात आणावेत.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी. गरज पडली तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. ईएसआर-सीआरपीसाठी उपाशी राहावे लागत नाही. वाढलेला आकडा दोन-तीन आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा पाहावा. तोडीला निघण्यापूर्वी सगळ्या रिपोर्टचे आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत. कोपीत कागद भिजतो, आणि फडावरच्या नव्या डॉक्टरांना आधीचा आकडा माहीत नसतो.