जुन्या ट्रॅक्टरमधील तेले व हायड्रॉलिक प्रणालीची देखभाल

जुन्या ट्रॅक्टरमधील तेले व हायड्रॉलिक प्रणालीची देखभाल म्हणजे अनेक दशके वापरात असलेल्या शेती ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हायड्रॉलिक तेल, शीतकरणाचे पाणी व इतर द्रवपदार्थ यांची नियमित तपासणी, बदल आणि संबंधित भागांची निगा. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यासारख्या धान उत्पादक प्रदेशात या देखभालीला विशेष महत्त्व आहे. तेथे ट्रॅक्टरला पाणी भरलेल्या बांध्यांत तासन् तास चिखलणी करावी लागते आणि ते पाणी यंत्राच्या तेलात शिरण्याचा धोका कायम असतो.

पार्श्वभूमी

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगा व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यातील या जिल्ह्यात धान हे प्रमुख पीक आहे. खरीप हंगामात पावसावर व तलावांच्या पाण्यावर, तर इटियाडोहसारख्या प्रकल्पांचे सिंचन मिळते तेथे उन्हाळ्यातही धान घेतले जाते. रोवणीपूर्वी बांधीतील मातीचा चिखल करण्यासाठी ट्रॅक्टरला रबरी चाकांसोबत किंवा त्यांच्याऐवजी लोखंडी केजव्हील लावतात. रोवणीचे दिवस मोजके असल्याने या काळात ट्रॅक्टर बंद पडल्यास पऱ्हे वयाने वाढतात, रोवणी लांबते आणि त्याचा उत्पादनावर परिणाम होतो.

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लिफ्टचा पाया हॅरी फर्ग्युसन यांच्या तीन बिंदू जोडणीत आहे. या पद्धतीवर आधारित फर्ग्युसन टीई-२० हा ट्रॅक्टर इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. भारतात १९६० मध्ये स्थापन झालेल्या टाफे कंपनीने मॅसी फर्ग्युसन बनावटीचे ट्रॅक्टर आणले. १९६३ मध्ये महिंद्र कंपनीने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने ट्रॅक्टर निर्मिती सुरू केली. पिंजोर येथील एचएमटी कारखान्यात झेटर बनावटीवर आधारित ट्रॅक्टर तयार होऊ लागले, तर १९७४ मध्ये स्वराज ट्रॅक्टर बाजारात आला.

हायड्रॉलिक लिफ्टचे कार्य

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, या पास्कलच्या नियमावर लिफ्ट चालते. पंप तेलाला दाब देतो, नियंत्रण झडप ते तेल सिलिंडरमध्ये सोडते आणि दट्ट्या पुढे सरकून लिफ्टच्या भुजा उचलतो. उदाहरणार्थ, ७५ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर असते. प्रति चौरस सेंटिमीटर १५० किलो दाब असल्यास त्यावर सुमारे ६,६०० किलो इतके बल निर्माण होते. भुजांच्या तरफेमुळे अवजाराच्या टोकाशी मिळणारी उचल यापेक्षा बरीच कमी असते.

अवजार खाली येताना पंपाचा दाब लागत नाही. झडप उघडताच अवजाराच्या वजनाने तेल टाकीत परतते. त्यामुळे इंजिन बंद असतानाही उचललेले अवजार खाली पडू शकते.

फर्ग्युसन पद्धतीच्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागील आस व हायड्रॉलिक पंप यांना एकच तेल पुरते आणि पंप त्याच तेलात बुडालेला असतो. गिअरच्या झिजेतून निघालेला लोखंडी चुरा किंवा ऑइल सीलमधून शिरलेले पाणी म्हणूनच थेट पंपापर्यंत पोहोचते. टीई-२० सारख्या एकाच क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पंप पीटीओच्या दांड्यावर फिरतो. पीटीओचा लिव्हर जोडलेला नसेल किंवा क्लच दाबलेला असेल तर लिफ्ट उचलत नाही. हा बिघाड नसून रचनेचा भाग आहे.

प्रमुख तेले व द्रव

इंजिन ऑइल: भारतीय हवामानात २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० दर्जाची बहुश्रेणी तेले प्रचलित आहेत. डिझेल इंजिनमध्ये तेल लवकर काळे होणे स्वाभाविक असते. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळलेले असते. तेलाची पातळी आपोआप वाढून ते पातळ झाल्यास डिझेल गळत असल्याची शक्यता असते.

गिअर व हायड्रॉलिक तेल: सामायिक टाकी असल्यास गिअर, ब्रेक व पंप या सर्वांना चालणारे ट्रॅक्टरचे बहुउपयोगी तेल वापरतात. काही जुन्या मॉडेलांसाठी ९० क्रमांकाचे गिअर ऑइल सुचवलेले असते. स्वतंत्र टाकी असलेल्या प्रणालीत ६८ श्रेणीचे हायड्रॉलिक तेल सामान्यतः वापरले जाते. जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतील गंधकयुक्त घटक पितळी व कांस्य भागांना हानिकारक ठरू शकतात. म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेतील दर्जा पाहूनच तेल निवडले जाते. वेगवेगळ्या प्रकारची तेले एकत्र मिसळणे टाळले जाते.

एअर क्लीनरचे तेल: जुन्या ट्रॅक्टरमध्ये हवा तेलाच्या वाटीतून गाळली जाते. धुळीच्या कामात ही वाटी रोज तपासावी लागते. तळाशी गाळ साचल्यास वाटी धुऊन खुणेपर्यंतच तेल भरतात. जास्त तेल भरल्यास ते इंजिनमध्ये ओढले जाण्याचा धोका असतो.

रेडिएटरचे पाणी: येथे पाणी गोठण्याचा प्रश्न सहसा येत नाही. तरीही गंज रोखण्यासाठी आणि मे महिन्याच्या तीव्र उष्म्यात उत्कलनबिंदू वाढवण्यासाठी कूलंट उपयुक्त असते. क्षारयुक्त विहिरीच्या पाण्याने आतून थर साचतो व इंजिन तापते.

चिखलणीच्या हंगामातील काळजी

क्लच हाउसिंगच्या तळाशी एक लहान छिद्र असते. एरवी त्यातून गळलेले तेल बाहेर पडते आणि बिघाडाची सूचना मिळते. चिखलणीपूर्वी पाणी आत जाऊ नये म्हणून हे छिद्र बुचाने बंद करतात. हंगाम संपल्यावर बूच काढणे आवश्यक असते, अन्यथा आत साचलेले तेल क्लच प्लेटवर जाऊन क्लच घसरू लागतो.

मागील आसाच्या ऑइल सीलभोवती चिखल, गवत व धानाचे काड गुंडाळले जाते आणि सील कापले जाते. रोजच्या कामानंतर हा भाग धुऊन तपासणे आणि ग्रीसच्या निपलांमध्ये ताजे ग्रीस भरणे हिताचे ठरते. ताज्या ग्रीसमुळे आत शिरलेले पाणी बाहेर ढकलले जाते.

तेलात पाणी शिरल्याची शंका असल्यास ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवतात. मोकळे पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ड्रेन प्लग थोडा सैल केल्यास प्रथम पाणी बाहेर येते. मात्र तेल दुधाळ झाले असेल तर पाणी आपोआप वेगळे होत नाही, तेव्हा संपूर्ण तेल बदलावे लागते.

तेल बदलण्याची पद्धत

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून व अवजार जमिनीवर टेकवून, तेल कोमट असताना ते काढले जाते. कोमट तेलासोबत गाळही वाहून येतो. ड्रेन प्लगवर बारीक चुरा आढळणे सामान्य आहे, पण धातूचे तुकडे दिसल्यास गिअर किंवा बेअरिंग तुटल्याचा संशय घेतात. त्यानंतर पंपाची जाळी व गाळणी साफ करतात. नवे तेल भरल्यावर लिफ्ट अनेकदा वरखाली करून आतील हवा घालवली जाते आणि भुजा खाली ठेवून पातळी पुन्हा पाहिली जाते.

सामान्य बिघाड

लिफ्ट धक्क्याने उचलत असल्यास किंवा तेलाला फेस येत असल्यास तेल कमी असते किंवा पंप हवा ओढत असतो. पंपाचा कर्कश आवाज गाळणी तुंबल्याचे लक्षण असू शकतो. उचललेले अवजार इंजिन बंद करताच झपाट्याने खाली येत असल्यास दट्ट्याची ओ-रिंग किंवा नियंत्रण झडप झिजलेली असते. थंड असताना चांगली चालणारी लिफ्ट तापल्यावर मंदावत असल्यास पंपाच्या झिजेची शक्यता अधिक असते, कारण तापलेले पातळ तेल फटींतून निसटते. पंप बदलण्यापूर्वी तेलाची पातळी, गाळणी व दाबमापक यांच्या साहाय्याने तपासणी केल्यास अनावश्यक खर्च टळतो.

सुरक्षितता

उचललेल्या अवजाराखाली केवळ लिफ्टच्या भरवशावर काम करणे प्राणघातक ठरू शकते. अवजार जमिनीवर टेकवणे किंवा त्याखाली भक्कम आधार देणे आवश्यक असते. दाबाखालील नळीतील गळती हाताने न तपासता पुठ्ठ्याने तपासतात. सूक्ष्म छिद्रातून निघणारी तेलाची धार त्वचेत शिरू शकते. अशी जखम वरून किरकोळ दिसली तरी तिच्यावर तातडीने शस्त्रक्रियेची गरज भासू शकते.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेले तेल २०१६ च्या हानिकारक व अन्य अपशिष्ट नियमांनुसार घातक अपशिष्टात मोडते. ते बांधीत, नालीत किंवा तलावात सोडल्यास पाण्यावर तवंग पसरून प्राणवायूचा पुरवठा घटतो आणि मासे व इतर जलचरांना हानी पोहोचते. गोंदिया जिल्हा हा महाराष्ट्रातील सारस क्रौंच पक्ष्याचा प्रमुख अधिवास असून हा पक्षी तलावांबरोबरच धानाच्या बांध्यांतही चरतो व घरटी करतो. त्यामुळे वापरलेले तेल झाकणबंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाईल अशी व्यवस्था करणे हा देखभालीचाच भाग मानला जातो.